बर्फाची लादी, करवत आणि परदेशी कात्री

मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात चार दिवस काढलेल्या माणसाला 'द बिग बॉस'चा पूर्वार्ध समजावून सांगावा लागत नाही. घसरत येणाऱ्या लाद्या, आकड्याने त्या ओढणारे मजूर, आणि एक दिवस फुटलेल्या लादीतून बाहेर पडलेली पुडी. १९७१चा हा हाँगकाँगचा चित्रपट थायलंडमध्ये, पाक चोंगच्या परिसरात चित्रित झाला. बर्फातून अमली पदार्थ बाहेर जातात, ज्यांनी पुडी पाहिली ती माणसं घरी परतत नाहीत, आणि एका रात्री ब्रूस ली त्याच कारखान्यात शिरतो. तिथे बर्फ कापायची करवत त्याच्या हाती लागते आणि ती एका गुंडाच्या डोक्यात बसते. हा फटका त्या वेळच्या छायाचित्रांत आहे. आज विकत मिळणाऱ्या बहुतेक प्रतींत नाही.

कोकणात ज्याला सरसकट 'फायटिंगचो पिच्चर' म्हटलं जायचं, तो इथल्या पडद्यावर येईपर्यंत असाच तीन-चार हातांतून गेलेला असायचा. हाँगकाँगच्या स्टुडिओने परदेशासाठी इंग्रजी प्रत काढायची, तिच्यावर परदेशी वितरकाने कात्री चालवायची, मग आपलं सेन्सॉर बोर्ड, आणि शेवटी तालुक्याच्या थिएटरातला ऑपरेटर. प्रत्येकाचं कापायचं कारण वेगळं असायचं.

सुरुवात नावांपासूनच झाली. निर्माते रेमंड चाव यांनी हाँगकाँगचा शॉ ब्रदर्स स्टुडिओ सोडून १९७०मध्ये गोल्डन हार्वेस्ट ही कंपनी काढली आणि मोठेपणी नायक म्हणून ब्रूस लीचे पहिले दोन चित्रपट त्यांनीच केले: 'द बिग बॉस' आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी'. अमेरिकेत पहिल्याला 'द चायनीज कनेक्शन' नाव द्यायचं ठरलं होतं. त्यात अमली पदार्थांची कथा होती आणि 'द फ्रेंच कनेक्शन' तेव्हा गाजत होता, म्हणजे नाव चपखल होतं. पण नावांची अदलाबदल झाली. बर्फाच्या कारखान्याची गोष्ट 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' म्हणून लागली आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी'ला 'चायनीज कनेक्शन' हे नाव चिकटलं. तिसरा चित्रपट 'वे ऑफ द ड्रॅगन' हा १९७२चा, म्हणजे 'एंटर द ड्रॅगन'च्या आधीचा. अमेरिकेत तो १९७४मध्ये 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' या नावाने लावला, जणू काही पुढचा भाग. तोवर ब्रूस लीला जाऊन वर्ष उलटलं होतं. जुन्या कॅसेटच्या पाकिटावरच्या नावावरून आत कुठला चित्रपट आहे हे ठरवायला जाऊ नये ते यामुळे. बर्फ दिसला की 'बिग बॉस', रोमचं कलोसियम दिसलं की 'वे ऑफ द ड्रॅगन', ही साधी खूण जास्त भरवशाची.

आवाजाचं प्रकरण मात्र नावापेक्षा खोल आहे. त्या काळातले हाँगकाँगचे चित्रपट मूकच चित्रित होत. सेटवर कोणी मँडरिन बोले, कोणी कँटोनीज, कोणी नुसते आकडे मोजे. संवाद, ठोशांचे आवाज, कपड्यांची फडफड, सगळं नंतर स्टुडिओत भरलं जाई. त्यामुळे 'मूळ आवाज' असं काही नसायचंच. 'फिस्ट ऑफ फ्युरी'च्या मँडरिन प्रतीत ऐकू येतो तो संवादांचा आवाजही ब्रूस लीचा नव्हे.

दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं तर संवाद वेगळे काढता यायला हवेत. त्यासाठी संगीत आणि इतर आवाज यांचा स्वतंत्र ट्रॅक लागतो. तो हाताशी असेल तर नवे संवाद त्यावर बसवले की काम झालं. संवाद, ढोल आणि ठोसे एकाच पट्टीवर मिसळलेले असतील, तर संवाद पुसताना बाकीचंही पुसलं जातं, आणि मग सगळं नव्याने भरावं लागतं. जिथे तो ट्रॅक होता तिथेही 'हे संगीत आपल्या लोकांना चालणार नाही' म्हणून बदल केले गेले. एकट्या 'बिग बॉस'ची तीन संगीतं आहेत: मँडरिन प्रतीला वांग फू-लिंग यांचं, इंग्रजी प्रतीला जर्मन संगीतकार पीटर थॉमस यांचं, आणि १९८३च्या कँटोनीज प्रतीला जोसेफ कू यांचं. तिन्हींमध्ये तोच माणूस तीच लाथ मारतो. पीटर थॉमसच्या पितळी वाद्यांवर ती गुप्तहेराच्या चित्रपटातली वाटते, वांग फू-लिंगच्या साथीवर गावकीच्या भांडणातली.

संगीत बदलल्याने एवढा फरक का पडावा, हे सिंधुदुर्गातल्या वाचकाला दशावताराच्या उदाहरणाने पटकन कळेल. जत्रेत मध्यरात्रीनंतर युद्ध लागतं. देव आणि राक्षस समोरासमोर येतात, पेटी मागे पडते, मृदंग आणि झांज चढत जातात. दोघं गिरक्या घेतात, तलवारीला तलवार दोनदा लागते, तिसऱ्या वेळी थापेबरोबर दोघंही थिजतात. तो थिजलेला क्षण म्हणजे कोणी दमला असं नाही. थापेने तिथे सम गाठलेली असते. आता मृदंग बंद करा आणि तेच युद्ध बघा. दोन माणसं उगाच थांबलेली दिसतील.

हाँगकाँगच्या मारामारीचं व्याकरण नेमकं हेच आहे, आणि ते आलंही तशाच जागेतून. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बियाव हे तिघं लहानपणापासून यू जिम-युएन यांच्याकडे चिनी ऑपेरा शिकले. ऑपेरात घंटा आणि ढोलाच्या ठेक्यावर नट धावत येतो, वळतो आणि एका ठोक्यावर मुद्रा धरून उभा राहतो. त्याला 'लिआंगश्यांग' म्हणतात. पडद्यावर ते चार-पाच वेगवान फटके, अर्धा सेकंद स्तब्धता, पुन्हा फटके असं उतरलं. परदेशी संकलकाने ढोल काढून सलग वाजणारं संगीत लावलं की ती स्तब्धता त्याला रिकामी जागा वाटू लागते, आणि रिकामी जागा दिसली की कात्री शिवशिवतेच. मिनिटांच्या हिशेबात हे कापणं किरकोळ असतं. मारामारीचा श्वास मात्र त्यानेच तुटतो. लांबलचक प्रसंग गाळल्याबद्दल चाहते जास्त ओरडतात; खरं नुकसान या अर्ध्या सेकंदांचं असतं.

नव्वदीत अमेरिकी वितरकांनी हा कारखानाच उघडला. 'रंबल इन द ब्राँक्स' (१९९५) तिथे फेब्रुवारी १९९६मध्ये लागला तो सुमारे पंधरा मिनिटं कमी करून आणि जे. पीटर रॉबिन्सन यांचं नवं संगीत लावून. (चित्रीकरण व्हँकूवरचं, त्यामुळे न्यू यॉर्कच्या मागे डोंगर दिसतात. ते मात्र कोणी कापले नाहीत.) 'ड्रंकन मास्टर २' हा १९९४चा चित्रपट अमेरिकेत २०००मध्ये आला. नायक शेवटच्या मारामारीत कारखान्यातला अल्कोहोल पिऊन लढतो, आणि मूळ शेवटात त्याची किंमत मोजून तो कायमचा अधू झालेला दाखवला आहे, तोही विनोदाच्या अंगाने. अमेरिकी प्रतीत हा शेवट नाही, चित्रपट विजयावरच थांबतो. 'आयर्न मंकी'मधून (१९९३, अमेरिकेत २००१) वाँग फेई-हंग या चिनी लोकनायकाची ओळखीची धून गेली. ही धून कानावर पडताच चिनी प्रेक्षकाला कळतं की पडद्यावरचा पोरगा पुढे कोण होणार आहे. ती काढणं म्हणजे गणपती आणि नांदी वगळून थेट संकासुराला रंगमंचावर आणण्यासारखं.

'शाओलिन सॉकर' (२००१) तर ११२ मिनिटांवरून ८७ मिनिटांवर आला. थायलंडच्या 'टोम-युम-गूंग'मधून (२००५) सुमारे पंचवीस मिनिटं गेली, संगीत अमेरिकी रॅपर आरझेडएचं आलं आणि नाव पडलं 'द प्रोटेक्टर'. या नावाचा जॅकी चॅनचा चित्रपट १९८५मध्येच येऊन गेला होता, त्यामुळे आजही शोधायला जावं तर भलताच हाती लागतो.

त्या १९८५च्या 'प्रोटेक्टर'मध्ये गंगा उलटी वाहिली होती. दिग्दर्शक जेम्स ग्लिकनहाउस अमेरिकी, मारामारी अमेरिकी पद्धतीची, आणि जॅकी चॅनला ती पसंत नव्हती. हाँगकाँगच्या प्रतीसाठी त्याने नग्न दृश्यं आणि शिव्या काढल्या, अभिनेत्री सॅली येहचं एक नवं उपकथानक घातलं आणि शेवटची मारामारी स्वतःच्या पद्धतीने पुन्हा चित्रित केली. दोन्ही प्रती लागोपाठ पाहिल्या तर स्तब्धतेचं वर जे म्हटलं ते डोळ्यांना दिसतं: एका प्रतीत माणसं एकमेकांना मारतात, दुसरीत ती तालावर मारतात. २०१०च्या 'कराटे किड'मधूनही चीनमध्ये सुमारे बारा मिनिटं कापली गेली, कारण त्यात चिनी मुलं परक्या मुलाला छळताना दिसत होती.

ब्रिटनमधली कात्री वेगळ्याच भीतीपोटी चालली. तिथल्या सेन्सॉर संस्थेचे प्रमुख जेम्स फरमन यांना नानचाकू खुपायचा. साखळीने जोडलेले दोन दांडे कोणीही पोरगा घरी बनवू शकतो, हा त्यांचा मुद्दा. १९७९पासून त्यांनी आधी मंजूर झालेल्या चित्रपटांतूनही नानचाकू काढायला लावला. 'एंटर द ड्रॅगन'मधल्या तळघरातल्या मारामारीचा जीवच त्यात होता. पुढे तर लहान मुलांच्या निंजा कासवांच्या दुसऱ्या चित्रपटातलं सॉसेजच्या माळेचं दृश्य गेलं, कारण ती माळ नानचाकूसारखी फिरवली होती. ब्रिटनमध्ये 'एंटर द ड्रॅगन' अखंड मिळायला २००१ उजाडलं. याच चित्रपटातला मठाधिपतींबरोबरचा संवाद अमेरिकी प्रतीत नव्हता, तो १९९८च्या आवृत्तीत परत आला. म्हणजे ज्या चित्रपटाला सगळे 'मूळ इंग्रजी' समजतात, त्याचीही देशागणिक वेगळी प्रत होती.

कोकणात चित्रपट दोन वाटांनी आला: थिएटर-तंबूची फिल्म आणि घरातली कॅसेट. दोन्हींची मोडतोड निराळी.

फिल्मची प्रत मुंबई-पुणे करून तालुक्याला येईपर्यंत झिजलेली असायची, आणि झीज सगळ्यात जास्त रिळाच्या दोन टोकांना. हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटं चालतं. मारामारी नेमकी रीळ बदलताना आली तर फाटलेला तुकडा कापून जोड मारताना दर वेळी काही चौकटी जायच्या. एका सेकंदाला २४ चौकटी, तेव्हा दहा-बारा चौकटी गेल्या की अर्धा सेकंद गेला, म्हणजे वरची ती स्तब्धताच. सेन्सॉरने काय कापलं हे मात्र कागदावर सापडतं. फिल्मच्या त्या काळात सुरुवातीला पडद्यावर दिसणाऱ्या प्रमाणपत्रावर डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण असला तर बोर्डाने काटछाट केलेली असायची. तिथेच लांबी मीटरमध्ये लिहिलेली असायची. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला २७.४ मीटर सरकते. १०४ मिनिटांचा चित्रपट २,८५० मीटरच्या आसपास हवा. प्रमाणपत्रावर २,४७० असेल तर हातात ९० मिनिटांची प्रत आहे.

कॅसेटची गोष्ट वेगळी. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसांबरोबर व्हीसीआर आले, गणपतीच्या जागरणाला ते भाड्याने फिरू लागले. रुंद पडद्याचा चित्रपट त्या चौकोनी टीव्हीत बसवताना चौकटीचा सुमारे ४३ टक्के भाग बाजूंनी जातो. दोन लढवय्ये दोन कडांना उभे असले की टीव्हीवर एकाची मूठ दिसते आणि दुसरा चौकटीबाहेर विव्हळतो. शिवाय आपल्याकडच्या त्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, त्यामुळे १०४ मिनिटांचा चित्रपट १०० मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. ही चार मिनिटं कापलेली नसतात, हे न कळल्याने पुष्कळ वाद झाले आहेत. हाँगकाँगवाले मारामारी बरेचदा २२ चौकटींच्या वेगाने चित्रित करत, म्हणजे थिएटरात ती नऊ टक्के जलद दिसे. कॅसेटवर तीच चौदा टक्के जलद होते. 'ब्रूस लीचे हात दिसतच नाहीत' या कौतुकात थोडा वाटा या यंत्राचा आहे.

१९९४मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत चालल्यावर डबिंगचा ओघ सुरू झाला आणि हे चित्रपटही हिंदीत येत गेले. हिंदी प्रत कुठल्या प्रतीवरून उचलली हे ओळखायचं तर आधी लांबी बघावी. 'रंबल इन द ब्राँक्स' नव्वद मिनिटांच्या आसपास संपत असेल तर ती अमेरिकी प्रतीवरून आली. लांबीने उलगडत नसेल तर शेवट बघावा, 'ड्रंकन मास्टर २'मध्ये तेवढ्यावर भागतं. आणि 'आयर्न मंकी' असेल तर डोळे मिटून वाँग फेई-हंगची धून कुठे येते का ते ऐकावं.