खिडक्यांचे उष्णतारोधन आणि इमारतीचे ऊर्जा मानांकन

खिडक्या बदलल्यावर इमारतीचे ऊर्जा मानांकन, म्हणजे ती ऊर्जा किती काटकसरीने वापरते याची श्रेणी, किती सुधारेल, हा ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न आहे. मानांकन संपूर्ण इमारतीला मिळत असल्यामुळे त्यात भिंती, छत आणि वातानुकूलन किंवा तापन यंत्रणा यांचाही हिशेब असतो. तरीही क्षेत्रफळाच्या मानाने सर्वाधिक उष्णता बहुधा खिडक्यांतूनच ये-जा करते.

आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एक अंश सेल्सिअसचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता वाहते, त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू सुमारे ५.८, तर मध्ये १२ मिलिमीटर हवा असलेल्या दुहेरी काचेची सुमारे २.८ असते, त्यातच लो-ई लेप (उष्णतेचे उत्सर्जन कमी करणारा अतिशय पातळ थर) आणि हवेऐवजी आरगॉन वायू असल्यास ती १.२ च्या आसपास येते. म्हणजेच १५ अंशांचा फरक असताना दोन चौरस मीटरच्या एकेरी काचेतून १७४ वॅट उष्णता जाते, तर लेप आणि आरगॉन असलेल्या दुहेरी काचेतून अवघी ३६ वॅट. दोन काचांमधले अंतर वाढवत नेल्याने मात्र फायदा वाढत राहत नाही, कारण साधारण १६ मिलिमीटरनंतर आतली हवा फिरू लागते आणि उष्णता एका काचेकडून दुसरीकडे नेते.

उष्ण प्रदेशात उन्हाची उष्णता किती आत येते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. साधी पारदर्शक दुहेरी काच त्यातली बरीचशी उष्णता आत येऊ देते, म्हणून तिथे उन्हाची उष्णता अडवणाऱ्या लेपाची काच आणि बाहेरून सावली यांवर खर्च करणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचते, तेव्हा उष्णता खोलीत आलेलीच असते.

दरपत्रकात अनेकदा फक्त काचेच्या मध्यभागाची यू-व्हॅल्यू दिलेली असते, तर मानांकनासाठी चौकटीसह पूर्ण खिडकीचा आकडा लागतो. उष्णतारोधक खंड (आतल्या आणि बाहेरच्या धातूला वेगळे ठेवणारा, उष्णता अडवणारा भाग) नसलेली अ‍ॅल्युमिनियमची चौकट उत्तम काचेचा बराचसा लाभ घालवते. चौकट आणि भिंत यांमधली फट नीट न भरल्यास तिथून हवा गळते, आणि गळती प्रत्यक्ष मोजली गेल्यास तीही हिशेबात येते. खिडक्या घट्ट झाल्यावर वायुवीजनाची वेगळी सोय ठेवावी, अन्यथा खोलीत दमटपणा साठतो.

बसवलेल्या खिडकीची कागदपत्रे नसल्यास मूल्यमापक सहसा ठरावीक, कमी अनुकूल आकडे धरतो. त्यामुळे आपण खिडक्या कोणाकडूनही घेतल्या, तरी पूर्ण खिडकीच्या यू-व्हॅल्यूचे प्रमाणपत्र काम संपण्यापूर्वीच मागून घ्यावे.