पगारी माळ्याकडून बिनपगारी हातांकडे: इंग्लंडमधल्या क्लब खेळपट्ट्यांची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या शनिवारी जे हजारो क्लब सामने होतात, त्यांपैकी बहुतेकांची खेळपट्टी तयार करणाऱ्याला त्या कामाची एक पेनीही मिळालेली नसते. तो निवृत्त शिक्षक असतो, माजी कामगार असतो, कधी क्लबच्याच दुसऱ्या फळीतल्या संघाचा यष्टिरक्षक असतो. चर्चचा मनोरा, हिरवळ आणि रोलर ओढणारे म्हातारबाबा अशा फोटोंमुळे ही इंग्रजी खेड्याची पिढीजात रीत असल्याचा आपला समज होतो. लहान गावांपुरतं ते खरंही आहे. पण लीगमध्ये खेळणाऱ्या मध्यम-मोठ्या क्लबांचा इतिहास वेगळा आहे. तिथे हे काम पूर्वी पगारी होतं. पगार बंद झाले, काम राहिलं आणि ते क्लबातल्याच कुणाच्या तरी गळ्यात पडलं.

अगदी सुरुवातीला खेळपट्टी तयार करावी लागते हीच कल्पना नव्हती, ती फक्त निवडायची. १७७४ च्या नियमांत पाहुण्या संघाला ठरलेल्या ठिकाणापासून तीस यार्डांच्या आत आपल्या सोयीची जागा शोधायची मुभा होती. गोलंदाज अर्थातच उंचवटे-खळगे बघून जागा ठरवत. गवत कापायला मेंढ्या असत, खुद्द लॉर्ड्सवरसुद्धा. गवत कापायचं यंत्र १८३० चं, पण ते मैदानांवर रुळायला वेळ गेला. १८७० च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर नॉटिंगहॅमशायरच्या जॉर्ज समर्सच्या डोक्याला उसळता चेंडू लागला आणि चार दिवसांनी तो गेला. त्या खेळपट्टीची बदनामी आधीपासून होतीच. त्यानंतरच्या काळात जड रोलर हा हौसेचा विषय राहिला नाही. रोलर ओढणाऱ्या घोड्यांच्या खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून त्यांना चामड्याचे बूट घालत.

रोलर आला तशी माणसाची नोकरीही आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्या स्थितीतल्या क्लबांत एक ‘प्रोफेशनल’ ठेवलेला असे. त्याने सकाळी रोलर फिरवायचा, रेषा मारायच्या, जाळी लावायची आणि संध्याकाळी सभासदांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायची. हीच व्यवस्था बोटीने हिंदुस्थानात आली, आणि तिचं आपल्याला ठाऊक असलेलं उदाहरण पुण्याचं आहे. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतले पाळवणकर बाळू पुण्यातल्या पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि रोलर फिरवत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तिथेही रोलर, रेषा, नेट आणि वेळ पडली तर टेनिस कोर्टाची आखणी. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता जो डावखुरा फिरकी गोलंदाज घडला, त्याने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्याआधी पुण्यातल्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतलं, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला. आपल्याकडे खेळपट्टीचं काम माळ्याचं राहिलं आणि त्याला जात चिकटली. इंग्लंडमध्ये वर्ग चिकटला. दोन्हीकडे ज्याने ती खेळपट्टी बनवली त्याने तिच्यावर फलंदाजी करावी अशी अपेक्षा नव्हती.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा इंग्लंडमध्ये या पगारी माणसाचा सुगीचा काळ. बँका, विमा कंपन्या, कापड गिरण्या, रेल्वे, सगळ्यांची स्वतःची क्रीडांगणं होती आणि प्रत्येकावर एकदोन माणसं कायम नोकरीला. कोळसा खाणींच्या पट्ट्यात तर कायद्याचंच पाठबळ होतं: १९२० च्या कायद्याने उत्पादनाच्या दर टनामागे एक पेनी कामगार कल्याणाच्या निधीत जाऊ लागली. त्यातून जे दवाखाने, वाचनालयं, सभागृहं उभी राहिली त्यांच्याबरोबर क्रिकेटची मैदानंही आली. मैदान राखणाऱ्यांची स्वतःची राष्ट्रीय संघटना १९३४ मध्ये निघाली, म्हणजे तोवर तो रीतसर व्यवसाय झालेला होता.

तो मोडला तो एका फटक्यात नाही. उत्तरेत लीग एकोणिसाव्या शतकापासून होत्या. दक्षिणेत मात्र गुणतक्ता म्हणजे खेळाचा बाट असं मानणारे क्लब १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत तग धरून होते. त्यांनी लीग स्वीकारल्या आणि खेळपट्टी चांगली असणं ही मर्जीची बाब राहिली नाही. पंच आणि कर्णधार खेळपट्टीला गुण देऊ लागले, कमी गुण पडले तर क्लबला जाब. नेमक्या त्याच काळात कंपन्या मैदानं विकू लागल्या, गिरण्या बंद पडल्या आणि १९८० च्या दशकात खाणींना कुलपं लागली. मैदान क्लबच्या नावावर किंवा विश्वस्त निधीकडे आलं, रोलर शेडमध्येच राहिला, त्याच्यावर बसणारा माणूस गेला. थोडक्यात, खेळपट्टीकडून अपेक्षा वाढल्या आणि तिच्यासाठीचा पगार संपला, हे दोन्ही एकाच पिढीत घडलं. आजच्या स्वयंसेवकाबद्दल बोलताना हा भाग सोडून देतात. त्याच्या निष्ठेचे गोडवे गायले की तो तिथे का आला हे विचारावं लागत नाही.

हे काम फावल्या वेळात का बसत नाही, ते एका पट्टीवरून कळतं. शनिवारच्या सामन्याची तयारी साधारण दहा-बारा दिवस आधी सुरू होते. दोरी लावून पट्टी आखायची, आडवं पडलेलं गवत ब्रशने उभं करायचं, टप्प्याटप्प्याने कापत तीन-चार मिलिमीटरवर आणायचं. मग भरपूर पाणी द्यायचं आणि थांबायचं. इंग्लंडमध्ये खेळपट्टीच्या मातीला लोम म्हणतात. क्लब पातळीवर तिच्यात चिकणमाती पाव हिश्श्याहून थोडी जास्त असते. ती ओली असताना रोलर फिरवला तर माती रोलरपुढे ढकलली जाऊन लाटा पडतात, सुकल्यावर फिरवला तर नुसतं डिझेल जळतं. अंगठा दाबला तर ठसा उमटावा, पण बोटाला माती लागू नये, एवढीच वेळ कामाची. आणि ही वेळ येते मंगळवारी सकाळी अकराला! नोकरदार माणूस संध्याकाळी साडेसहाला मैदानावर पोचतो, तेव्हा वरचा थर कडक झालेला असतो. बहुतेक क्लबांत रोलरवर निवृत्त माणूस दिसतो त्यात भावनेपेक्षा मातीच्या ओलाव्याचा हात अधिक आहे.

हंगाम संपला की सप्टेंबरअखेर खरी मेहनत. यंत्राने गवताचा मेलेला थर खरवडून काढायचा, राय गवताचं बी पेरायचं आणि प्रत्येक पट्टीवर २५ किलोच्या सहा-आठ गोण्या लोम अंथरायची. मैदानाच्या मध्यभागी शेजारी शेजारी आखलेल्या दहा पट्ट्यांचा चौकोन असेल तर दीड-दोन टन माती, तीही हाताने. एखाद्या वर्षी पैसे कमी पडले म्हणून दुसऱ्या जातीची स्वस्त लोम टाकली, तर दोन थर वेगवेगळ्या मापाने आकसतात, मध्ये फट पडते, मुळं तिथेच थांबतात. चार-पाच वर्षांनी चेंडू घोट्याच्या वर येईनासा होतो आणि दोष त्या वर्षीच्या स्वयंसेवकावर येतो. जुन्या सचिवाने वाचवलेले पैसे कुणाला आठवत नाहीत.

आता गांडुळांकडे. बाहेरच्याला हा विषय विनोदी वाटतो, पण गेल्या दहा वर्षांत क्लबच्या शेडमध्ये याच्याइतका दुसरा कुठलाच वाद झाला नसेल. आपल्या शेतीत गांडूळ म्हणजे मित्र. खेळपट्टीवर मात्र ते रात्री वर येऊन विष्ठेची छोटी ढिगोली करतं. चिकण लोममधली ही ढिगोली ओलसर असते. सकाळी त्यावरून रोलर किंवा गवत कापायचं यंत्र गेलं की तिची रुपयाएवढी चकती होते, तिच्याखालचं गवत गुदमरतं आणि उघड्या जागेत तण रुजतं. अशा शेकडो चकत्या पडल्या की उसळी एकसारखी राहत नाही. लीगच्या गुणांत ते लगेच दिसतं, आणि मुलांच्या सामन्यात तर दुखापतीचाच प्रश्न.

पूर्वी यावर क्लोरडेन होतं, वाळवीवरचं जुनं जहाल औषध. ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये ते बंद झालं. ते योग्यच होतं, त्यावर आज कुणी भांडत नाही. त्यानंतर भिस्त आली कार्बेन्डाझिमवर. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे नाव बुरशीनाशक म्हणून चांगलं ठाऊक आहे. इंग्रजी हिरवळीवर ते गांडुळं वर येऊ नयेत म्हणून वापरलं जाई. त्याचीही परवानगी गेली आणि ऑगस्ट २०१७ अखेर उरलासुरला साठा वापरण्याची मुदत संपली. तेव्हापासून गांडुळांसाठी मान्यताप्राप्त रसायन नाही. उरले ते जुने उपाय: कापलेलं गवत उचलून न्यायचं म्हणजे त्यांना खाद्य मिळणार नाही, माती जरा आम्लधर्मी ठेवायची, आणि रोज सकाळी ढिगोल्या सुकल्यावर लांब काठीने किंवा ब्रशने उडवून द्यायच्या.

‘रोज सकाळी’ हे शब्द लिहायला सोपे आहेत. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या व्यावसायिक संघाच्या, मैदानावर त्यासाठी नोकर आहेत. गावच्या क्लबात ऑक्टोबर ते मार्च मैदानावर चिटपाखरू नसतं. निर्णय सगळ्यांना सारखाच लागू झाला, त्याचा भार मात्र सारखा पडला नाही. पर्यावरणाच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले ते खोडता येत नाहीत. पक्षी गांडुळं खातात, आणि मैदानाच्या कडेने बहुधा ओढा वाहतो. पण पर्याय देताना ज्याच्याकडे आठवड्याचे सहा तास आहेत अशा माणसाचा विचार कुणी केला होता, असं दिसत नाही.

यात आणखी एक गाठ आहे ती प्रमाणपत्राची. १९८० च्या दशकातल्या नियमांनी व्यावसायिक दर्जाची तणनाशकं-कीटकनाशकं फवारायला प्रमाणपत्र लागू केलं. १९६४ अखेरपर्यंत जन्मलेल्यांना त्यातून सूट होती. क्लबांत फवारणी करणारे बहुतेक जण त्याच वयाचे, म्हणून कित्येक वर्षं कुणाला ते जाणवलंच नाही. २६ नोव्हेंबर २०१५ ला ती सूट संपली. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं प्रशिक्षणाला बसली, फी बहुधा क्लबने आणि कधी स्वतःच्या खिशातून भरली, आणि पुरती दोन वर्षं व्हायच्या आत गांडुळांवरचं औषधच गेलं. प्रमाणपत्राचा उपयोग तणनाशकापुरता उरला. फवारणारा पगार घेतो की फुकट राबतो याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. डबा व्यावसायिक दर्जाचा, तर वापरणाराही व्यावसायिक. उलट एप्रिल २०२२ मध्ये कमी कराचं लाल डिझेल बहुतेक उद्योगांना बंद झालं, तेव्हा हौशी क्रीडा क्लबांना सवलत ठेवली गेली. म्हणजे रोलरची टाकी भरताना जो हौशी, तोच पाठीवर पंप घेतला की व्यावसायिक.

मधल्या काळातल्या बाकी घडामोडी थोडक्यात. १९८१ पासून काउंटी सामन्यांत खेळपट्ट्या पूर्ण झाकल्या जाऊ लागल्या. क्लबांनीही चाकांची कव्हरं घेतली आणि ती ढकलत नेण्याचं काम वाढलं. प्रत्येक काउंटीत सल्लागार आले, ते मातीचा नमुना काढून थर वाचून दाखवतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे क्लब क्रिकेट ११ जुलैपर्यंत बंद होतं, पण खेळपट्ट्या एकट्यादुकट्याने राखल्या जात होत्या, म्हणूनच जुलैत लगेच सामने होऊ शकले. त्या उन्हाळ्यात बऱ्याच सभासदांना पहिल्यांदा कळलं की आपल्या मैदानाच्या शेडची किल्ली एकाच माणसाकडे आहे.

सध्या चर्चा आहे ती संकरित खेळपट्टीची. नैसर्गिक गवतात सुमारे पाच टक्के प्लास्टिकचे धागे शिवलेली ही पट्टी जास्त सामने सोसते. काउंटीच्या मैदानांवर ती बऱ्यापैकी आली आहे, क्लबांत अजून तुरळक दिसते. गरज मात्र तिथेच जास्त, कारण महिला आणि मुलांचे संघ वाढले तरी चौकोन दहा पट्ट्यांचाच राहिला आहे. तोवर मुलांचे सामने कडेच्या कृत्रिम पट्टीवर होतात, जिला ना पाणी लागतं ना रोलर. क्लबांना अनुदान मिळतं ते प्रामुख्याने यंत्रं, कव्हर, पॅव्हेलियनचं छप्पर अशा वस्तूंसाठी. मंगळवारी अकरा वाजता येणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी त्या अर्जांत रकाना नसतो.