तेलसाठा अभियांत्रिकी

तेलसाठा अभियांत्रिकी : भूगर्भातील सच्छिद्र खडकात खनिज तेल व नैसर्गिक वायू किती आहे, त्यातले किती आणि केवढ्या काळात वर काढता येईल, याचा अंदाज बांधून उत्पादनाची आखणी करणारी पेट्रोलियम अभियांत्रिकीची शाखा. जमिनीखाली तेलाचे तळे असते हा समज चुकीचा आहे. तेल वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या बारीक छिद्रांत, पाण्याच्या शेजारी, दाबाखाली असते.

या शाखेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो १८५६ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी आंरी दार्सी यांनी फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याविषयी लिहिताना वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. मात्र त्यांच्या प्रयोगात फक्त पाणी होते. त्यांच्या स्थिरांकात वाळूचा गुण आणि पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा द्रवाचा अंतर्गत विरोध) एकत्रच होती. दोहोंची फारकत होऊन पार्यता (खडकातून द्रव किती सहज वाहू शकतो याचे माप) हा निव्वळ खडकाचा गुण ठरला आणि तिच्या एककाला दार्सींचे नाव मिळाले, ते साधारणपणे १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात, वायकॉफ, बॉटसेट, मस्कॅट व रीड यांच्या कामातून. १९३६ मध्ये शिल्थुइस यांनी द्रव्य-संतुलनाचे, म्हणजे काढलेले तेल आणि त्याची जागा भरणारे द्रव्य यांचा ताळा घालणारे, समीकरण मांडले. शाखेचा जन्म याच दशकात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याआधी विहिरींचे घटते उत्पादन आलेखावर मांडून रेघ पुढे ओढण्याची रीत होती. साठ्यातील दाबाचा हिशेब तीत नव्हता.

साठ्याचे मोजमाप दोन वाटांनी होते. पहिली आकारमानाची. समजा, १ चौ. किमी. क्षेत्र, १० मी. जाडी, २० टक्के सच्छिद्रता व छिद्रांत २५ टक्के पाणी आहे. मग छिद्रांत १५ लाख घ. मी. तेल भरते. वर येताना विरघळलेला वायू सुटून तेल आकसते. साठ्यातील १.२५ घ. मी. तेलाचे वर १ घ. मी. होते असे धरल्यास टाकीत मोजले जाईल असे तेल १२ लाख घ. मी. उरते. यातील प्रत्येक आकडा मोजक्या विहिरींवरून घेतलेला असतो, त्यामुळे उत्तर एक आकडा नसून पल्ला असतो.

दुसरी वाट द्रव्य-संतुलनाची : जेवढे काढले तेवढी जागा उरलेल्या तेलाच्या व वायूच्या प्रसरणाने आणि बाजूने शिरणाऱ्या पाण्याने भरली पाहिजे. अडचण अशी, की मूळ तेल व शिरलेले पाणी ही दोन्ही अज्ञात असतात. पाण्याच्या आवकेचे कालसापेक्ष गणित व्हॅन एव्हरडिंगन व हर्स्ट यांनी १९४९ मध्ये दिले; हाव्लेना व ओदे यांनी १९६३ मध्ये समीकरण सरळ रेषेच्या रूपात मांडले. साठ्याची संगणकीय प्रतिमाने (गणिती प्रतिकृती) आल्यावर ही पद्धत मागे पडली असे म्हणतात, ते पूर्णतः खरे नाही. एकाच उत्पादन-इतिहासाशी अनेक वेगवेगळी प्रतिमाने जुळवता येतात. म्हणून आधी संतुलनाचा हिशेब करणे इष्ट.

तेलसाठा अभियंता भूवैज्ञानिकाचा नकाशा, खडकाचे नमुने व विहिरीतील दाबचाचण्या यांवरून विहिरींतील अंतर, उपशाचा वेग आणि पाणी किंवा वायू कधी व कोठे भरायचा हे ठरवतो. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचा मुख्य साठा चुनखडकात आहे. दाब टिकवण्यासाठी तेथे समुद्राचे पाणी भरले जाते. अशा खडकात पार्यता थराथराला बदलते, त्यामुळे भरलेले पाणी सुलभ थरांतून पुढे धावून विहिरीत लवकर पोहोचण्याचा धोका असतो.

तेल नसलेल्या पुण्याशीही या शाखेचा संबंध येतो. पुणे परिसर दख्खनच्या बेसाल्टवर आहे. येथे तेलक्षेत्र नाही. कोथरूडच्या एमआयटी या शिक्षणसंस्थेत मात्र पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवली जाते. शिवाय राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि भूजलाचे गणित तेच आहे. तेलविहीर बंद करून दाब कसा चढतो हे पाहण्याची हॉर्नर यांची १९५१ ची रीत आणि पंप थांबवल्यावर पाण्याची पातळी कशी चढते यासाठी थाइस यांनी १९३५ मध्ये दिलेली रीत तत्त्वतः एकच आहेत. श्रेय थाइस यांच्याकडे झुकते. बेसाल्टमधील रुंद विहिरींना मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण सुरुवातीचा उपसा बहुतांशी विहिरीतल्याच साठ्याचा असतो. पापाडोपुलोस व कूपर यांनी १९६७ मध्ये त्यासाठी वेगळे सूत्र दिले.