जुने अ‍ॅप, नवा कंपायलर : ग्राहकांसाठी माहिती

जुने अँड्रॉइड अ‍ॅप घेऊन येणाऱ्या ग्राहकांना आम्ही सर्वांत आधी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, मागतो. केवळ तयार फाइलवर आमचे काम का भागत नाही, ते येथे सांगत आहोत.

आम्ही क्यूटी हे मुक्तस्रोत फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप उभारण्याचा तयार सांगाडा, वापरतो. त्यात लिहिलेल्या सी प्लस प्लस कोडचे फोनच्या प्रोसेसरला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. अँड्रॉइडसाठी सी प्लस प्लस कोड बांधण्याच्या गूगलच्या एनडीके या साधनसंचात पूर्वी जीसीसी आणि क्लँग असे दोन कंपायलर होते. 2018 साली आलेल्या 18व्या आवृत्तीतून जीसीसी आणि त्याच्या जोडीची जीएनयू एसटीएल ही लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी क्यूटी 5.12 नेही अँड्रॉइडसाठी क्लँग स्वीकारला. साधी अक्षरमालिकासुद्धा या दोन व्यवस्थांमध्ये मेमरीत वेगवेगळ्या रीतीने मांडली जाते, त्यामुळे जीसीसीने बांधलेली जुनी सी प्लस प्लस लायब्ररी क्लँगने बांधलेल्या अ‍ॅपला जोडू गेल्यास बहुधा लिंकिंगच्या, म्हणजे सगळे भाग एकत्र जोडण्याच्या, वेळीच काम अडते. तिथेच अडले तर बरे. न अडता पुढे गेले, तर अ‍ॅप वापरणाऱ्याच्या हातात बंद पडण्याचा धोका राहतो.

गूगल प्लेचे नियमही बदलत असतात. 1 ऑगस्ट 2019 पासून 64 बिट आवृत्ती आवश्यक झाली. 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 व पुढील आवृत्त्यांसाठीच्या अ‍ॅपला 16 केबी मेमरी पेजवर (फोन मेमरीचे ज्या तुकड्यांत वाटप करतो, त्यांचा हा नवा आकार) चालणे बंधनकारक झाले. एनडीके 28 या आकाराला जुळणारी मांडणी आपोआप करते, पण त्यासाठी प्रत्येक लायब्ररी नव्याने कंपाइल करावी लागते. मुक्तस्रोत घटकांचे मोल आम्हांला इथे सर्वाधिक जाणवते, कारण त्यांचा कोड हाती असतो आणि कोणाच्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही.

मात्र सर्वांत नवा एनडीके घ्यावा, असा आमचा आग्रह नसतो. क्यूटीची प्रत्येक आवृत्ती ठरावीक एनडीकेवर तपासलेली असते, आम्ही तोच वापरतो. शिवाय एनडीके 26 पासून अँड्रॉइड 4.4 चा आधार संपला आहे. आपले अ‍ॅप वापरणाऱ्यांकडे तसे फोन असतील, तर हा निर्णय आपल्याशी बोलूनच घ्यावा लागेल.

काम सोपवताना संपूर्ण सोर्स कोड, क्यूटी व एनडीकेच्या आवृत्त्यांची नोंद आणि अ‍ॅपची साइनिंग की (अ‍ॅपवर डिजिटल सही करण्याची गुप्त किल्ली) जवळ असावी. आधीच्या कारागिराकडे यांपैकी काही राहिले असल्यास ते अंदाजपत्रकापूर्वीच मागून घ्यावे.