म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याचं शास्त्र

इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची, त्यातही वृद्धांची, भयंकर आबाळ झाली. पाणी हाताला लागणार नाही इतकं लांब ठेवलेलं, चादरी ओल्या त्या ओल्याच. चौकशीचा अहवाल २०१३ साली आला. त्याच वर्षी पत्रकार कॅमिला कॅव्हेंडिश यांनी सरकारसाठी मदतनिसांच्या कामाची पाहणी केली. रुग्णालयं, वृद्धाश्रम आणि घरोघरी मिळून असे १३ लाखांहून अधिक कर्मचारी होते. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं मुख्यतः त्यांच्याच हातून होतं, पण किमान प्रशिक्षणाची अट कुठेच नव्हती. पुढे २०१५ मध्ये त्यांच्यासाठी १५ मानकांचं ‘केअर सर्टिफिकेट’ आलं.

माया उपजतच असावी लागते, असं आपण धरून चालतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. जी बेपर्वाई दिसते, तिच्या मागे बऱ्याचदा म्हातारपणाच्या शरीराविषयीचं अज्ञान असतं.

ऐकण्याचंच बघा. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. स, श, फ, त ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात. स्वर खालच्या पट्टीत. म्हणून ‘कूस’मधला ‘ऊ’ तेवढा पोचतो. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आपण ओरडलो की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तितकी उठत नाहीत, शिवाय ओरडणारा चेहरा रागावलेला दिसतो. समोर येऊन, उजेडात, आवाजाची पट्टी खाली ठेवून सावकाश बोलावं आणि उत्तरासाठी थांबावं. हे थांबणंच सर्वांत अवघड, कारण पुढची खाट वाट बघत असते.

दुसरी चूक प्रेमातून होते. “चला, आपण आता अंघोळ करायची हं, शहाणं बाळ ते!” अमेरिकेत क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतली अशी संभाषणं चित्रित करून तपासली. अशा लाडिक बोलण्यानंतर स्मृतिभ्रंश झालेली माणसं जास्त विरोध करत होती: हात झटकणं, तोंड फिरवणं, ओरडणं. आठवण गेली तरी मान-अपमान कळतो. मग १३ वृद्धाश्रमांत त्यांनी एकेका तासाच्या तीन वर्गांचा प्रयोग केला. कर्मचाऱ्यांचं बोलणं बदललं, तसा विरोधही कमी झाला. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तीन तास! एवढा वेळ तर कोणालाही काढता येईल. पुण्या-मुंबईत मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या मावशींकडून आपण गोळ्यांच्या वेळा पाठ करून घेतो. आजोबांना कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, चष्मा कुठे असतो, त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते, हेही पहिल्याच दिवशी सांगायला हवं.