फायटर ब्रँड

बाजारात वरचे स्थान असलेली कंपनी स्वस्त प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी, आपल्या मुख्य ब्रँडची किंमत न उतरवता, वेगळ्या नावाने जो स्वस्त माल आणते त्याला फायटर ब्रँड म्हणतात. मराठीत त्याला लढाऊ ब्रँड म्हणता येईल. दुकानाच्या फळीवर तो इतर मालासारखाच दिसतो. मात्र त्याचा जन्म एका ठरावीक प्रतिस्पर्ध्यामुळे झालेला असतो आणि त्याची किंमत, वेष्टन, जाहिरात हे सारे त्याच प्रतिस्पर्ध्याकडे पाहून ठरते.

मुख्य ब्रँडच स्वस्त का करत नाहीत, याचे उत्तर अमेरिकेतील एका शुक्रवारी मिळाले. २ एप्रिल १९९३ रोजी फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने, स्वस्त सिगारेटींना तोंड देण्यासाठी, आपल्या मार्लबोरो या मुख्य ब्रँडची किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरवल्याचे जाहीर केले. त्या एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव जवळजवळ एक चतुर्थांशाने कोसळला. ब्रँडच्या नावावर गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजते, या गृहीतावरचा गुंतवणूकदारांचा विश्वासच डळमळला. शिवाय एकदा उतरवलेली किंमत पुन्हा चढवणे अवघड असते. म्हणून मोठ्या कंपन्या मुख्य नावाला हात न लावता दुसरे नाव रणात उतरवतात.

या डावपेचाचे सर्वात बोलके उदाहरण भारतातील आहे. हिंदुस्तान लिव्हरने १९५९ साली सर्फ आणली. ही पावडर शहरी मध्यमवर्गाची होती. बाकीचा देश साबणाच्या वडीनेच कपडे धुवत होता. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी पावडर तयार करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. ते गुजरात सरकारच्या भूगर्भ व खनिज खात्यात रसायनतज्ज्ञ होते. पावडरीला त्यांनी आपल्या मुलीच्या नावावरून निरमा हे नाव दिले. सर्फ किलोला सुमारे १३ रुपये असताना निरमा तीन-साडेतीन रुपयांना मिळे. एवढा फरक निव्वळ नफा कमी घेऊन पडत नाही. निरमात सोडा भरपूर होता, महागडी द्रव्ये नव्हती. पावडर हाताने मिसळली जाई, त्यामुळे यंत्रांचा खर्च वाचे आणि वीज न वापरणाऱ्या उत्पादनाला मिळणारी अबकारी सवलतही पदरात पडे.

लिव्हरने बरीच वर्षे निरमाकडे दुर्लक्ष केले. निरमा घेणारा आपला गिऱ्हाईकच नाही, अशी कंपनीची समजूत होती. ही चूक या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. वडी सोडून प्रथमच पावडरीकडे वळणारी लाखो घरे कंपनीच्या हिशेबातच नव्हती. कंपनीचे पहिले उत्तर होते ललिताजी. लिंटास या जाहिरातसंस्थेत अलेक पदमसी यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि कविता चौधरी यांनी साकारलेली ही काटकसरी गृहिणी, स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक ठामपणे समजावून सांगे. जाहिरात अतिशय गाजली आणि तिने सर्फचे गिऱ्हाईक धरून ठेवले. पण ज्याच्या खिशात १३ रुपयेच नाहीत त्याला ती काहीच देऊ शकत नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा खपात सर्फच्या पुढे निघून गेली. आजही अनेक मराठी घरांत कोणत्याही धुण्याच्या पावडरीला सरसकट ‘निरमा’ म्हणतात, यावरून तिची पोच कळते.

मग १९८७-८८च्या सुमारास लिव्हरचा लढाऊ ब्रँड आला, व्हील ही पावडर. निरमाची वाढ रोखण्याच्या या मोहिमेचे इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेले सांकेतिक नाव ‘स्टिंग’, म्हणजे नांगी, असे होते. सर्फमधली काही द्रव्ये काढून पुडा स्वस्त करणे सोपे होते. कंपनीने ते केले नाही. तिने निरमाचा व्यवसाय बारकाईने अभ्यासला आणि त्याच धर्तीवर नवा उभारला. उत्पादन ठिकठिकाणच्या छोट्या कारखानदारांकडे सोपवले, वितरणाचा खर्च छाटला आणि लहान गावांतील दुकानांपर्यंत माल नेला. निरमाचा पुडा पिवळा, तर व्हीलचा हिरवा. निरमातल्या सोड्याने हातांची आग होते ही बायकांची नेहमीची तक्रार होती. व्हीलने नेमके तेच दुखणे धरले आणि हातांना न जाळणारी पावडर अशी जाहिरात केली. दगडावर कपडे घासणाऱ्या बाईचे हात कुणीतरी विचारात घेतले, हे व्हीलच्या यशाचे खरे कारण मानायला हवे. लढाऊ ब्रँड नुसता स्वस्त असून भागत नाही.

व्यवस्थापनाचे अभ्यासक सी. के. प्रल्हाद आणि स्टुअर्ट हार्ट यांनी मांडलेले आकडे या संदर्भात महत्त्वाचे आहेत. गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा निरमाचा १२१ टक्के, व्हीलचा ९३ टक्के आणि लिव्हरच्या महागड्या पावडरींचा अवघा २२ टक्के होता. पुड्यामागे नफा थोडा, पण पैसा भराभर फिरणारा. ज्या गिऱ्हाइकाला कंपनीने मोजलेच नव्हते, तेच सर्वाधिक परतावा देणारे निघाले.

लढाऊ ब्रँडचा मोठा धोका घरातच असतो. तो फार चांगला निघाला तर मुख्य ब्रँडचेच गिऱ्हाईक ओढतो, आणि फार कमअस्सल निघाला तर प्रतिस्पर्ध्याला काहीच होत नाही. संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या इंटेलने एका वर्षात दोन्ही अनुभवले. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या स्वस्त चिपांना शह देण्यासाठी तिने एप्रिल १९९८ मध्ये सेलेरॉन आणली. खर्च वाचवण्यासाठी तिच्यातली दुय्यम कॅश मेमरी, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी वेगवान स्मृती, काढून टाकली होती, त्यामुळे चिप मंद चाले आणि जाणकारांनी ती नाकारली. त्याच वर्षी १२८ किलोबाइट कॅश असलेली सेलेरॉन ३००ए आली. ती इतकी सरस ठरली की हौशी मंडळी तिचा वेग वाढवून इंटेलच्याच महागड्या पेंटियम २ च्या बरोबरीचे काम काढू लागली.

विमान कंपन्यांचा अनुभव बहुतांशी वाईट आहे. अमेरिकेत डेल्टाची साँग ही स्वस्त विमानसेवा २००३ ते २००६ एवढीच टिकली आणि युनायटेडची टेड २००४ मध्ये सुरू होऊन २००९ मध्ये बंद पडली. जुन्या कंपनीचा खर्च तसाच ठेवून फक्त नाव आणि रंग बदलल्याने तिकीट स्वस्त करता येत नाही. ऑस्ट्रेलियात क्वांटासने व्हर्जिन ब्लूला तोंड देण्यासाठी २००४ मध्ये सुरू केलेली जेटस्टार मात्र टिकली, कारण तिचा कारभार आणि खर्चाची रचना वेगळी ठेवली होती.

व्हील पुढे देशातील सर्वाधिक खपाच्या पावडरींत जाऊन बसली. सर्फ वरच्या पायरीवर, लिव्हरचीच रिन मधल्या पायरीवर आणि व्हील तळाशी, अशी लिव्हरची उतरंड तयार झाली. २००९च्या अखेरीस प्रॉक्टर अँड गॅम्बल या प्रतिस्पर्धी कंपनीने टाइड नॅचरल्स ही स्वस्त टाइड काढून मधल्या पायरीवर हल्ला केला. २०१०च्या सुरुवातीला रिनच्या जाहिरातीत टाइडचे थेट नाव घेऊन तुलना झाली आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जाहिरात रोखली. याच काळात कानपूरची घडी ही स्वस्त पावडर गावोगावी पसरत होती. किंमत कमी, वितरण दाट, गिऱ्हाईक तेच, अशा निरमाच्याच वाटेने येऊन २०१२च्या सुमारास तिने व्हीलला खपात मागे टाकले.