ग्रीग, जॉन ग्लेनी
ग्रीग, जॉन ग्लेनी : (२४ ऑक्टोबर १८७१ – २४ मे १९५८). इंग्लिश हौशी क्रिकेटपटू व लष्करी अधिकारी, पुढे कर्नल. जन्म महू (मध्य भारत) येथे, शिक्षण इंग्लंडमध्ये डाउनसाइड या शाळेत. ‘जंगली’ या टोपणनावाने तो ओळखला जाई; हे नाव बहुधा ‘जॉन ग्लेनी’च्या देशी उच्चारातून रूढ झाले असावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो मुंबई इलाख्यातील युरोपियन संघाचा प्रमुख फलंदाज होता.

युरोपियन व पारशी यांच्यात मुंबई आणि पुणे येथे होणाऱ्या ‘प्रेसिडेन्सी’ सामन्यांत त्याची कारकीर्द घडली. भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटचा आरंभ कधी झाला, याविषयी मतभेद आहेत. काहीजण तो १८६४ च्या मद्रास–कलकत्ता सामन्यापासून धरतात. मात्र ऑगस्ट १८९२ चा युरोपियन–पारशी सामना हाच आरंभ मानणे अधिक ग्राह्य दिसते, कारण तेथून पुढे सामन्यांची सलग परंपरा सापडते. लॉर्ड हॅरिस हा त्या वेळी (१८९०–९५) मुंबईचा गव्हर्नर होता. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर या सामन्यांचे तिरंगी स्पर्धेत, तर १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी स्पर्धेत रूपांतर झाले.

महाराष्ट्रात ग्रीगचे नाव टिकले ते मुख्यतः गोलंदाज पालवणकर बाळू (जन्म १८७६) यांच्यामुळे. चांभार समाजातील बाळू आधी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबात आणि १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चाकरीला लागले. जिमखान्यात पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे, रेषा आखणे आणि सभासदांना गोलंदाजी करणे अशी कामे असत. बाकीचे सभासद येण्यापूर्वीच ग्रीग मैदानावर हजर होई व एकट्या बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. बाद झाला की दर वेळी तो बाळूंना आठ आणे देत असे, असे सांगतात. ही आख्यायिका खरी धरल्यास आठ वेळा ग्रीगला बाद करणे म्हणजे महिन्याचा पगार मिळवणे होय. बाळूंना घडवण्याचे श्रेय यावरून कधीकधी ग्रीगला दिले जाते. ते अतिशयोक्त आहे. बाळू पारशी क्लबातच गोलंदाजी करू लागले होते आणि जिमखान्याच्या जाळीत त्यांनी तासन्‌तास जी मेहनत केली, ती त्यांची स्वतःची होती. त्या जाळीत बाळूंच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. मोबदला न घेता खेळणाऱ्या साहेबाचा हौशी खेळ अशा चाकरांच्या श्रमांवर उभा होता, ही बाब ग्रीगच्या कोणत्याही मूल्यमापनात वगळता येत नाही.

अस्पृश्यतेमुळे पुण्याच्या हिंदू क्लबात बाळूंना घेण्यास विरोध झाला, तेव्हा अशा गोलंदाजाला वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रीगने जाहीरपणे मांडल्याचे म्हटले जाते. बाळू अखेर संघात आले. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले.

इंग्लंडमध्ये ग्रीग हॅम्पशर परगण्याकडून (१९०१–२२) खेळला, तोही भारतातील नोकरीतून रजा मिळेल तेव्हा. १९०१ मध्ये लिव्हरपूल येथे लँकाशरविरुद्ध त्याने केलेल्या नाबाद २४९ धावा ही त्याची सर्वोच्च खेळी. निवृत्तीनंतर काही वर्षे तो हॅम्पशर क्लबचा सचिव होता. उत्तरायुष्यात तो रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला.